गणितातच पदवी करायची आहे : अकरावीला कोणते विषय घ्यावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या मुलाने यंदा दहावीची परीक्षा दिली असून अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज आठवडाभरात भरायचा आहे. आम्ही सांगलीला राहतो. मुलाला अभियांत्रिकीला जायचे नाही आणि वैद्यकीयचा तर विचारही नाही. त्याला गणित शिकायचे आहे. शक्य झाल्यास चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सीएमआयमध्ये, नाहीतर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बंगळूर केंद्रातील बी. मॅथ. या गणिताच्या पदवीला. गेल्या वर्षी त्याने ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली परीक्षा दिली. निवड झाली नाही, पण प्रश्नपत्रिका घरी आणून पुढचे पंधरा दिवस तो तिचेच प्रश्न सोडवीत बसला होता. तेव्हापासून हा हट्ट वरवरचा नाही, हे आम्हां दोघांनाही कळून चुकले आहे.

अडचण अशी आहे की, दोन्ही संस्थांची पात्रता वाचल्यावर त्याने एक वेगळाच मुद्दा मांडला. तिथे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मागितलेलेच नाही, मग आपण कला शाखेत गणित घेऊ, प्रात्यक्षिकांचे तास वाचतील आणि तो वेळ गणिताला देता येईल, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्या वडिलांचे मत नेमके उलट आहे. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय घ्यावेत, म्हणजे पुढे पश्चात्तापाची वेळ येणार नाही, असे ते म्हणतात. मला दोघांचेही थोडे थोडे पटते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही. या वाटेने गेलेल्यांनी किंवा आपल्या मुलांना जाताना पाहिलेल्यांनी कृपया लिहावे.

कोरा_कागद

गणित ठेवून बाकी काहीही घेतले तरी चालेल, हे मुलाचे म्हणणे नियमाला धरून आहे; ते शहाणपणाचे आहे का, हा वेगळा प्रश्न आहे.

मूळसंख्या

मी बंगळूरच्या बी. मॅथ.चा जुना विद्यार्थी आहे. पात्रतेबद्दल तुमच्या मुलाने जे वाचले आहे ते बरोबर आहे. आमच्या वेळी बारावीला गणित आणि इंग्रजी हे विषय असणे एवढीच अट होती. प्रवेश परीक्षा एकाच दिवशी दोन सत्रांत होत असे, एक पेपर बहुपर्यायी आणि दुसरा लेखी. लेखी पेपरात मोजके आठ प्रश्न असत आणि प्रत्येकाचे उत्तर कारणांसह, पायरीपायरीने लिहावे लागे. दोन्ही पेपरांत गणिताखेरीज दुसरे काहीही नव्हते. नियम आणि परीक्षेची पद्धत बदलत असल्यामुळे त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक मात्र अवश्य पाहावे.

तरीही मी त्याला कला शाखेत जा असे सांगणार नाही. आमच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकून न आलेला विद्यार्थी मला आठवत नाही, पण माझे कारण ते नाही. या दोन्ही संस्थांतील जागा मुळातच थोड्या आहेत आणि परीक्षा वर्षातून एकदाच होते. त्या दिवशी ताप आला किंवा एखादा प्रश्न उगाच डोक्यात घुसून बसला, की वर्ष गेले. मग पुढची संस्था कोणती? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदवीला जायचे तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. आयआयटी मुंबईत गणितात चार वर्षांची बी. एस. पदवी आहे, पण तिचा रस्ता जेईई अॅडव्हान्स्डमधून जातो. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत बी. एस्सी.ला बारावी विज्ञान मागतात. कला शाखा घेतली की हे सगळे एका दमात हातचे जाते.

आडवाटेचा_प्रवासी

मूळसंख्या यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी स्वतः बारावी कला शाखेतून, गणित घेऊन केली आहे. आपल्या राज्य मंडळात कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांना गणिताचा एकच पेपर असतो, त्याचा संकेतांक ४०. त्यामुळे कला शाखेतले गणित हलके असते हा समज चुकीचा आहे. मला दुपारी एकनंतरचा सगळा वेळ मोकळा मिळत असे, आणि त्या दोन वर्षांत जे वाचून झाले त्यावर मी आजही जगतो आहे. दिल्ली विद्यापीठात तर विद्यार्थी सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेला, गणिताबरोबर एक भाषा आणि आपल्या आवडीचे आणखी दोन विषय देऊन गणिताच्या ऑनर्स पदवीला अर्ज करू शकतो. तिथे भौतिक किंवा रसायन यांचा आग्रह नाही.

वाणिज्य शाखेचा विचार मात्र मुळीच करू नये. तिथल्या गणिताचा संकेतांक ८८, आणि तो विषयच निराळा आहे. दलाली, विमा, निर्देशांक, कालश्रेणी असे धडे त्यात आहेत, आणि बारावीच्या त्रिकोणमितीला, सदिशांना त्यात जागा नाही. व्यापार करणाऱ्याला ते उपयोगी आहे, पण बी. मॅथ.च्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला अर्धा अभ्यासक्रम घरी बसून नव्याने शिकावा लागेल.

फळा_खडू

कृष्णाकाठताई, मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे गणित शिकवतो आहे. आडवाटेचा_प्रवासी यांनी लिहिलेले खरे आहे, पण त्याला एक जोड द्यावीशी वाटते. कला शाखेत गणित कागदावर उपलब्ध असले तरी ते प्रत्यक्षात शिकवणारी महाविद्यालये फार थोडी आहेत. आमच्याकडेच गेल्या कित्येक वर्षांत कला शाखेतून गणिताला एकही नाव आले नाही, आणि आले असते तरी त्या एका मुलाला विज्ञानाच्या तुकडीत बसवावे लागले असते. अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात स्वतः जाऊन, "कला शाखेच्या गणिताचा तास कोण घेते आणि किती वाजता असतो?" असे विचारा. उत्तर देताना कार्यालयात एकमेकांकडे पाहू लागले, तर काय ते समजा.

आता मूळ प्रश्नाबद्दल. आपण विषयांच्या नावांवर फार वेळ घालवतो आणि त्या विषयांत मूल दिवसभर काय करणार याकडे आपले लक्ष जात नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा तर्काचा आहे. विधान, व्यत्यास, प्रतिव्यत्यास, सत्यतासारणी, सगळे त्यात आहे. गणिताचा पाया म्हणावा असा हा धडा, आणि आमच्याकडे तो चार तासांत उरकला जातो, कारण त्यावर ठरावीक गुणांचे ठरावीक प्रश्न येतात.

मी दरवर्षी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर एक प्रश्न लिहितो : ३ पेक्षा मोठ्या कोणत्याही मूळ संख्येचा वर्ग करून त्यातून १ वजा केला, तर उरलेल्या संख्येला २४ ने भाग जातो, हे सिद्ध करा. वर्गातली हुशार मुले लगेच कामाला लागतात. ५ चा वर्ग २५, उणे १ म्हणजे २४. ७ चा ४९, म्हणजे ४८. ११ चा १२१, म्हणजे १२०. १३ पर्यंत जाऊन, "सर, येते आहे," म्हणून पेन खाली ठेवतात. पेन खाली न ठेवणारे मूल वर्षाआड एखादे भेटते. "येते आहे, पण का येते आहे?" असे ते विचारते. तुमचा मुलगा पंधरा दिवस एकच प्रश्नपत्रिका घेऊन बसला होता, हे वाचून मला तो त्यांपैकी वाटतो. त्याला हा प्रश्न द्या आणि मदत करू नका.

अशा मुलाची खरी गरज कोणती, तर सलग मोकळ्या दुपारची. कोणत्या विषयांनी ती दुपार शाबूत राहते, एवढेच पाहावे.

रानजाई

फळा_खडू सरांच्या शेवटच्या वाक्याखाली मी सही करते. माझ्या मुलीला आम्ही कोचिंग क्लासशी संधान असलेल्या एका महाविद्यालयात घातले होते. सकाळी सातला घर सोडायचे, संध्याकाळी सहाला परतायचे, आणि रविवारी चाचणी. गणित शिकवायला अनुभवी माणसे होती, पण सगळा भर दोन मिनिटांत योग्य पर्याय कसा शोधावा यावर. दिलेल्या पर्यायांत x च्या जागी १ घालून पाहायचे, दोन पर्याय बाद करायचे आणि पुढे जायचे. एकदा तिने एका सूत्राची सिद्धता विचारली, तेव्हा "ते परीक्षेला नाही," असे उत्तर मिळाले. त्यानंतर तिने विचारणे बंद केले.

बारावीच्या मे महिन्यात तिने हौसेने सीएमआयची परीक्षा दिली. उत्तर कारणांसह लिहा, असे प्रश्न पाहून ती गोंधळून गेली. उत्तरे तिला सुचत होती, पण ती मांडायची कशी हे दोन वर्षांत कोणी शिकवलेच नव्हते. तिचा प्रवेश हुकला. आज ती पुण्यात बी. एस्सी. गणित करते आहे आणि आनंदात आहे, पण ती दोन वर्षे आम्ही तिच्याकडून काढून घेतली ही बोच माझ्या मनातून जात नाही.

सह्यवारा

रानजाई, तुमच्या मुलीचा अनुभव वाचून वाईट वाटले. तरी जेईईच्या तयारीला सरसकट नावे ठेवू नयेत, असे मला वाटते. कलन, सदिश, संभाव्यता आणि क्रमचय-संचय यांवर त्या तयारीने जो हात बसतो, तो सिद्धता लिहितानाही कामी येतो. हाताशी आकडेमोड नसेल तर कल्पना सुचूनही अडकायला होते. माझ्या मते विज्ञान शाखा, त्यात भौतिक, रसायन आणि गणित, आणि जेईईची तयारी घरच्या घरी, बेताची.

दवबिंदू

जीवशास्त्र सोडावे असे सर्वांनी गृहीतच धरले आहे, म्हणून लिहिते. माझा मुलगा पुण्याच्या आयसरमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, आहे आणि तिथे त्याने पुढे गणितच निवडले. आयसरच्या प्रवेश परीक्षेत एकूण साठ प्रश्न असतात; जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिक यांचे प्रत्येकी पंधरा. पात्रतेसाठी या चारांपैकी तीन विषय पुरतात, पण जीवशास्त्र न घेतलेल्या मुलाने ते पंधरा प्रश्न सोडून द्यायचे म्हटले तर उरलेल्या पंचेचाळिसांतच सगळी लढाई. शिवाय तिथे सुरुवातीच्या काळात सगळ्यांना सगळे विषय शिकावे लागतात. आमच्या मुलाने अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतले नव्हते. प्रवेश परीक्षेपूर्वी महिनाभर त्याने दहावीची आणि अकरावीची जीवशास्त्राची पुस्तके वाचली, आणि जेवढे येते तेवढे सोडवले. त्याचे निभावले, पण ते पहिले सत्र जड गेले.

म्हणजे कृष्णाकाठ यांच्या यजमानांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण केवळ आयसरसाठी दोन वर्षे जीवशास्त्राची जर्नले पुरी करावीत, इतका तो विषय गणिताच्या वाटेवर गरजेचा आहे असेही मला वाटत नाही.

पेनाईनकर

मी मँचेस्टरला राहतो. इथली पद्धत वेगळी असली तरी प्रश्न तोच, म्हणून आमचा अनुभव लिहितो. इथे सोळाव्या वर्षी मूल तीन किंवा चार विषय निवडते आणि बाकी सगळे तिथेच सुटते. गणिताच्या पदवीला जाणाऱ्यांसाठी ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, गणित आणि त्याखेरीज फर्दर मॅथ्स असे दोन स्वतंत्र विषय आहेत. केंब्रिजला फर्दर मॅथ्स लागतेच, ऑक्सफर्डला ते असलेले फार बरे, आणि ही निवड सोळाव्या वर्षी चुकली तर पुढे दुरुस्त करणे अवघड जाते.

माझ्या मुलीच्या शाळेत फर्दर मॅथ्स शिकवायला शिक्षकच नव्हते. तिने शेवटी ते ऑनलाइन वर्गातून केले. सुरुवातीला तिने गणित, फर्दर मॅथ्स, भौतिक आणि रसायन असे चार विषय घेतले. चार घेतले तर विद्यापीठावर अधिक छाप पडेल, असे मलाच वाटत होते. पुढे लक्षात आले की विद्यापीठे बहुधा तीनच विषयांच्या श्रेणींवर प्रवेश देऊ करतात. चौथ्यासाठी वेगळे श्रेय मिळणार नव्हते, वेळ मात्र जात होता. तिने रसायन सोडले आणि तो वेळ स्टेप नावाच्या परीक्षेला दिला. केंब्रिज गणितासाठी या परीक्षेचे दोन पेपर मागते. प्रत्येक पेपर तीन तासांचा, त्यात बारा प्रश्न, आणि गुण धरतात ते सर्वांत चांगल्या सहांचेच. म्हणजे एका प्रश्नाला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात पहिली दहा मिनिटे कागद कोरा राहिला तरी घाबरून जायचे नाही, ही सवय लावायलाच आम्हाला वर्ष लागले.

बारांपैकी दोन प्रश्न यांत्रिकीचे असतात, पण ती यांत्रिकी गणिताच्या अभ्यासक्रमातलीच. त्यामुळे भौतिकशास्त्र सक्तीचे नाही. मुलीने ते ठेवले, कारण तिला आवडत होते.

निशिगंध

मी सध्या सीएमआयमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, मूळची नाशिकची. कृष्णाकाठकाकूंच्या मुलाच्या मनात संगणकशास्त्राबद्दलही प्रश्न असेल, म्हणून सांगते. इथली गणिताची पदवी गणित आणि संगणकशास्त्र अशी जोडीने आहे, त्यामुळे बारावीला द्विलक्ष्यी संगणकशास्त्र घेणे बरे, असे मला अनेकांनी सांगितले होते आणि मी ते घेतले. दोनशे गुणांचा विषय, दुसरी भाषा आणि सहावा विषय दोन्ही वाचतात, म्हणून सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या दुसऱ्या पेपरात ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या आज्ञा पाठ कराव्या लागल्या, आणि इथे आल्यावर पहिल्याच सत्रात प्रोग्रॅमिंग हॅस्केल या भाषेतून सुरू झाले, जे आमच्यापैकी बहुतेकांना पूर्णपणे नवे होते. ज्याने कधी संगणकाला हात लावला नव्हता असा माझा एक वर्गमित्र त्यात माझ्यापुढे गेला, कारण त्याला गणिती विगमन नीट येत होते. संगणकशास्त्र आवडत असेल तर घ्यावे, पण सीएमआयसाठी म्हणून घेण्याची गरज नाही.

प्रवेश परीक्षेतला बराच भाग संख्यासिद्धांताचा, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचा, आणि मोजणीच्या प्रश्नांचा असतो, आणि त्यांतला संख्यासिद्धांत अकरावी-बारावीच्या पुस्तकात जवळजवळ नाहीच. तो कोणत्याही विषयनिवडीतून मिळणार नाही, तो जुन्या प्रश्नपत्रिकांतूनच शिकावा लागतो. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर उत्तरांसह ठेवलेल्या आहेत. आठवड्याला एक प्रश्न, पण पूर्ण लिहून, आणि लिहिलेले दुसऱ्या कोणालातरी वाचायला देऊन. मला हे वाचून देणारे कोणी नव्हते, म्हणून मी माझ्या मावसबहिणीला देत असे. ती वाणिज्य शाखेची होती. तिला जिथे कळले नाही, तिथे बहुतेक वेळा चूक माझीच निघाली.

सावली_वड

केंद्रीय मंडळात शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे अकरावीला "उपयोजित गणित" हा सोपा वाटणारा पर्याय दिसतो. तो मंडळाने वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी आखला आहे. गणितात पदवी करायची असेल तर तो घेऊ नये. दहावीला "बेसिक" गणित निवडणाऱ्यांनीही ही गोष्ट आधीच लक्षात ठेवावी.

मूळसंख्या

आडवाटेचा_प्रवासी यांनी दिल्लीचा मुद्दा मांडला, तो मला मान्य आहे, आणि कला शाखेतून पुढे आलेल्यांचा माझ्या मनात अनादर नाही. माझी भीती वेगळी आहे. सोळाव्या वर्षी "मला फक्त गणितच" म्हणणारी काही मुले विसाव्या वर्षी भौतिकशास्त्राकडे वळलेली मी पाहिली आहेत. विकलक समीकरणे नुसती सूत्रे म्हणून शिकलेल्याला आणि हेलकावणाऱ्या लंबकावरून शिकलेल्याला ती वेगळी दिसतात. रसायनाबद्दल मला असे काही सांगता येणार नाही. तो विषय केवळ इतर संस्थांच्या अटींसाठी घ्यायचा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आणि समजा कुठेच प्रवेश झाला नाही, तरी साध्या महाविद्यालयातून बी. एस्सी. करूनही गणितात पुढे जाता येते. १९९३ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एमटीटीएस नावाचे उन्हाळी प्रशिक्षण चालते. लहान गावांतल्या महाविद्यालयांतून आलेली कितीतरी मुले तिथे पहिल्यांदा खरे गणित करायला शिकली. त्यानंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम. एस्सी.ला जाता येते. हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे एका परीक्षेचे ओझे त्याच्या डोक्यावर राहणार नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तुमची सगळी उत्तरे आम्ही तिघांनी काल रात्री जेवणानंतर एकत्र बसून वाचली, रानजाई यांचे दोनदा.

फळा_खडू सरांनी सांगितल्याप्रमाणे परवा मी दोन महाविद्यालयांत जाऊन आले. कला शाखेच्या गणिताबद्दल विचारल्यावर पहिल्या ठिकाणी "असे कोणी घेत नाही हो," म्हणाले आणि दुसऱ्या ठिकाणी बाईंनी कपाटातून जुनी पुस्तिका काढून पाहिली. त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. अर्ज विज्ञान शाखेचा भरला आहे : भौतिक, रसायन, गणित, मराठी, इंग्रजी, आणि जीवशास्त्राऐवजी भूगोल, कारण त्याची जर्नले कमी आणि नकाशे त्याला आवडतात. क्लासशी जोडलेले महाविद्यालय नको, यावर त्याचे वडीलही राजी झाले. तो दुपारी अडीचपर्यंत घरी येईल. रसायनाचे काय, असे मी विचारले, तेव्हा "मूळसंख्याकाका म्हणतात ना, मग दोन वर्षे करतो," असे म्हणाला.

सर, तुमचा प्रश्न मी त्याला दिला होता. पहिल्या दिवशी त्यानेही ५, ७, ११ करून पाहिले. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना वही घेऊन आला आणि ओट्याशी उभा राहून समजावू लागला. वर्गातून १ वजा केला की ती संख्या म्हणजे अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्येचा गुणाकार. मधली संख्या विषम, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना लागोपाठच्या सम संख्या, त्यांतल्या एकीला ४ ने भाग जातोच, म्हणजे गुणाकाराला ८ ने. लागोपाठच्या तिन्हींपैकी एकीला ३ ने भाग जातो, आणि मधली मूळ संख्या असल्यामुळे ती नव्हे, म्हणून शेजारच्या दोघींपैकी एक. ८ आणि ३, म्हणून २४. मला कळले, हे मला स्वतःलाच नवल वाटले.

काल रात्री मात्र त्याने आणखी एक गोष्ट विचारली आहे, आणि ती तुम्हालाच विचारायला सांगितली आहे. त्याचे म्हणणे असे की, या सिद्धतेत संख्या मूळ असण्याची गरजच कुठे पडली? २ ने आणि ३ ने भाग जात नाही, एवढेच वापरले. २५ ही मूळ संख्या नाही, तरी तिचा वर्ग ६२५, उणे १ म्हणजे ६२४, आणि २४ गुणिले २६ म्हणजे ६२४. ३५ चेही त्याने करून पाहिले, १२२४, त्यालाही भाग जातो. मग सरांनी प्रश्नात "मूळ संख्या" असे का लिहिले, असे तो विचारतो आहे.

फळा_खडू

ताई, सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला तीन मुलांनी विचारला होता. तुमचा मुलगा चौथा. त्याला सांगा की मी "मूळ संख्या" मुद्दामच लिहितो, आणि का लिहितो हे आता त्याचे त्यालाच कळले आहे. त्याने सिद्धता स्वच्छ लिहून तिचे छायाचित्र मला व्यक्तिगत निरोपातून पाठवावे. पुढचा प्रश्न मी त्याच कागदावर लिहून परत पाठवतो.